जुन्या जीपच्या स्टिअरिंगमधील प्ले: दोष बॉक्सचा की लिंकेजचा?

प्रश्न

वडिलांच्या वेळची सीजे-३बी जीप मी यंदा पुन्हा रस्त्यावर काढली. स्टिअरिंग चार-पाच बोटे नुसतेच फिरते, तोवर चाके जागची हलत नाहीत आणि पसरणी घाट उतरताना गाडी सारखी सावरावी लागते. मेकॅनिकने स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचे फिरणे पुढच्या दांड्यांकडे पोचवणाऱ्या पेटीचा) स्क्रू आवळून दिला. त्यामुळे प्ले (हा ढिलेपणा) थोडा कमी झाला, परंतु आता वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, हाताने ओढून आणावे लागते. बॉक्सच बदलावा, असे त्याचे म्हणणे आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

प्रतिसाद १

बॉक्सला हात लावण्यापूर्वी गाडीखाली जावे. या जीपमध्ये बॉक्सपासून चाकांपर्यंत ड्रॅग लिंक (बॉक्सचा आर्म बेलक्रँकला जोडणारा दांडा), चेसिसच्या पुढच्या आडव्या पट्टीवरची बेलक्रँक (मधली फिरती भुजा) आणि दोन टाय रॉड (तिथून चाकांकडे जाणारे दांडे) अशी साखळी, म्हणजे लिंकेज, असते, आणि प्रत्येक सांध्यातला थोडाथोडा ढिलेपणा मिळून तुमची चार बोटे होतात. इंजिन बंद ठेवून, चाके जमिनीवर टेकलेली असताना एकाने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी स्तब्ध राहते, तिथे दोष आहे.

माझ्या जीपमध्ये तो बेलक्रँकमध्ये निघाला. ती खोलली तेव्हा आतल्या बेअरिंगच्या सुयांऐवजी तपकिरी भुकटीच हाती लागली, कारण वर्षानुवर्षे ग्रीसचे निपल (ग्रीस भरायचे तोंड) चिखलाने बुजलेले होते. पिन आणि बेअरिंग दोन्ही बदलावे लागले. झिजलेल्या पिनवर नवे बेअरिंग बसवणे म्हणजे पैसे पाण्यात.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. ड्रॅग लिंकबद्दल मात्र थोडे जोडतो. स्प्लिट पिन (प्लग फिरू न देणारी खीळ) काढून टोकाचा प्लग आतल्या बॉलला (सांध्याच्या गोळ्याला) घट्ट टेकेपर्यंत आवळावा, मग बेलक्रँककडील टोकाला अर्धा फेरा आणि बॉक्सच्या आर्मकडील टोकाला एक पूर्ण फेरा मागे घेऊन नवी स्प्लिट पिन घालावी. प्लग आवळलेलाच ठेवला, तर स्प्रिंगचे पाटे वरखाली होताना बॉल अडकतो.

तुमचे स्टिअरिंग परत का येत नाही, याचे उत्तर बहुधा त्या आवळलेल्या स्क्रूमध्ये आहे. या बॉक्सच्या कॅमची (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या मळसूत्री भागाची) खाच मुद्दाम मध्यभागी अधिक घट्ट ठेवलेली असते, म्हणून स्क्रू चाके सरळ असतानाच लावायचा असतो. वळलेल्या चाकांवर प्ले काढला की मध्यावर बॉक्स धरतो. ड्रॅग लिंक सोडवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मध्यावर किंचित जडपणा जाणवला पाहिजे, अडकणे नव्हे. किंग पिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळते ती पिन) आणि हब बेअरिंग चाक जॅकवर उचलून तपासाच.

प्रतिसाद ३

सांधे बदलल्यावर टो-इन (पुढच्या चाकांची तोंडे किंचित आत ठेवणे) पुन्हा लावावे लागेल. दोन टाय रॉड स्वतंत्र असल्यामुळे आधी बॉक्स व बेलक्रँक मध्यावर आणावे आणि मगच प्रत्येक बाजूचा रॉड फिरवावा. दोन्ही बाजू मिळून पुढच्या दोन चाकांमधील पुढील अंतर मागच्यापेक्षा १.२ ते २.४ मिमी कमी हवे. टायरवर खडू लावून खिळ्याने रेघ ओढावी, हबच्या उंचीवर पुढे मोजावे, गाडी पुढे ढकलून तीच रेघ मागे आणून पुन्हा मोजावे. बॉल जॉइंटला वेल्डिंग करून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जावे.

मूळ प्रश्नकर्ता

रविवारी स्क्रू सैल केला, तेव्हा स्टिअरिंग परत येऊ लागले आणि प्लेही परत आला. बेलक्रँक हाताने वरखाली करताच टक् असा आवाज झाला. पिन आणि बेअरिंगचा संच मागवला आहे. बॉक्स तूर्त तोच राहील.