‘लेबल गेलं, ग्राहक सुटला’ म्हणे!

जर्सीकर
तिरकस यांनी काल फ्रिजच्या चर्चेत जाता जाता पिंक टाकली: ‘अमेरिकेत काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ऊर्जा-लेबलचे नियम रद्द केले, ग्राहक सुटला बाबूंच्या तावडीतून. आपल्याकडचे स्टार कधी जाणार?’ रात्रभर डोक्यात भुणभुण, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, उपकरण किती वीज खातं ते सांगणारं इथलं पिवळं लेबल कुठेही गेलेलं नाही. ते फेडरल ट्रेड कमिशनचं, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी आयोगाचं, १९८० पासूनचं. गेल्या आठवड्यात वॉशिंग मशीन बघायला गेलो होतो, तस्संच चिकटलेलं होतं. रद्द झाला तो ऊर्जा खात्याचा ऑक्टोबर २०२४ चा नियम. चाचणीचे कुठले आकडे खात्याकडे भरायचे, कशावर काय छापायचं, अंमलबजावणी कशी करायची, असला कागदी मामला. मे २०२५ मध्ये ट्रम्पनी तो रद्द करणाऱ्या ठरावावर सही केली. सोबत आणखी तीन नियम उडाले: बिनटाकीचे गॅस गीझर, दुकानांतले फ्रीज आणि माणूस आत शिरेल एवढ्या शीतखोल्या. ते तीन वीज-गॅस किती खायचा याच्या मर्यादेचे. त्यावर भांडा, समजू शकतो. पण चौथा निव्वळ माहितीचा होता. वजनकाट्यावर शिक्का नको म्हणणारा दुकानदार मी आजवर एकाच प्रकारचा पाहिलाय.

तिरकस
वा, म्हणजे आम्ही मापात पाप करणारे! निवडून आलेल्यांनी न निवडलेल्यांचा नियम खोडला, यात तुमच्या पोटात का दुखतं? गीझरचा नियम कधी आला बघा, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस. निवडणूक हरलेलं सरकार सामान आवरताना असले उद्योग करतं, म्हणून तर खात्यांचे ताजे नियम संसदेला खोडता येतील असा १९९६ चा तो फेरतपासणीचा कायदा आहे.

आणि स्टारचं कौतुक मला सांगू नका. फाइव्ह-स्टार एसी घेतला, चांगले सात हजार जास्त मोजून. जुलै २०२२ मध्ये निकष बदलले आणि माझा एसी भिंतीवर बसल्या बसल्या फोर-स्टार झाला. शेजारी हसून गेला.

वायरमन
काका, एसी तेवढीच वीज खातोय ना? मग रडता कशाला? परीक्षा अवघड झाली, तुमचे मार्क नाही कमी झाले.

बावीस वर्षं फ्रीज-एसी दुरुस्त करतोय. २०१० च्या जानेवारीत एसीला आणि फ्रॉस्ट-फ्रीला स्टार सक्तीचे झाले. त्याआधी गिऱ्हाईक एकच विचारायचं, ‘कूलिंग कडक आहे ना?’ आता निदान युनिट विचारतं. पंख्याला तर २०२३ उजाडलं, तोवर पंचाहत्तर वॉटचे पंखे ‘वीज वाचवणारे’ म्हणून खपत होते.

जर्सीकर
तिरकस, त्या १९९६ च्या कायद्याची खरी मेख तुम्ही गाळलीत. एकदा नियम असा खोडला, की ‘तसाच’ नियम नवा कायदा केल्याशिवाय खात्याला पुन्हा आणताच येत नाही. आणि ‘तसाच’ म्हणजे किती तसा, याचा नीट खुलासा कायद्यात नाही. म्हणजे उद्या फॉर्म सुधारायचा म्हटला तरी वकील बसवा. शिवाय हा लेबलचा नियम गेल्यानं उपकरणांच्या मर्यादा हलल्या नाहीत, फक्त फॉर्म जुना राहिला. सुटला कोण यात?

रुखवत
ह्यूस्टनहून. लेबल-बिबल राहू दे, डिशवॉशरचं बोला कुणीतरी! २०१३ पासून एका फेरीला पाच गॅलन पाणी, म्हणजे एकोणीस लिटर, त्याच्या वर नाही. परिणाम काय, तर माझं मशीन सव्वादोन तास कुथतं आणि आमटीच्या पातेल्याचा काठ तसाच.

तिरकस
बघा! हेच म्हणतोय मी. २०२० मध्ये ऊर्जा खात्यानं तासाभरात धुणाऱ्या मशीनसाठी नियमांत वेगळा वर्ग केला, २०२२ मध्ये बायडन सरकारनं तो काढून टाकला आणि जानेवारी २०२४ मध्ये फिफ्थ सर्किट या अपील कोर्टानं त्यांचे कान उपटले. बाईंचं पातेलं हाच पुरावा.

जर्सीकर
अमेरिकेतल्या निम्म्या मराठी घरांत डिशवॉशर म्हणजे हातानं घासलेली भांडी निथळत ठेवायचं कपाट. माझ्या आईनं इथे सहा महिने राहून ते एकदाही चालू करू दिलं नाही. एकोणीस लिटरचं काय घेऊन बसलात, नळाखाली घासताना त्याच्या दुप्पट जातं.

वायरमन
आमची आई राखेनं घासायची. ना वीज, ना लेबल. चकाचक.

रुखवत
आई घासायची. तुम्ही कधी घासलीत? प्रत्येक चर्चेत कुणाची तरी आई राख घेऊन येते आणि मुलगा कीबोर्ड. आणि जर्सीकर, ‘आईनं चालू करू दिलं नाही’ म्हणजे ते सहा महिने भांडी कुणी घासली, तेही लिहा.

जर्सीकर
विषयांतर होतंय.

रुखवत
म्हणजे बायकोनं.

वायरमन
ताई, राखेचा शब्द मागे. पण मशीन आधी ‘नॉर्मल’वर लावा, ‘हेवी’वर नको, आणि खालची जाळी काढून धुवा. दहातल्या सात तक्रारी जाळीच्या असतात.

तिरकस
जर्सीकर, चारपैकी त्या एका लेबलच्या नियमापुरतं तुमचं बरोबर, घ्या. पंचवीस टक्के. आमच्या वेळी पस्तीसला पास करायचे. बाकी तिन्हींवर मी ठाम आहे आणि एसीचे सात हजार मी विसरणार नाही.

जर्सीकर
आभार. लेबलचा नियम गेला म्हणून पेढे वाटणारे तुम्हीच होतात, एवढंच नोंदवून ठेवतो.

रुखवत
जाळी काढली. आत तीन शेंगदाणे, एक कढीपत्त्याची काडी आणि माझा हरवलेला मोजमापाचा चमचा. एका तासाच्या फेरीत पातेलं निघालं. पण मी नियमाबद्दल मत बदललेलं नाही, सांगून ठेवते. प्लास्टिकच्या डब्यांचे हळदीचे डाग कशानं जातात?

वायरमन
उन्हात ठेवा दोन दिवस. ह्यूस्टनला ऊन आहे ना?