पहिली-दुसरीच्या मुलांना रोबोटमधून गती कशी शिकवावी?

प्रश्न : कोल्हापुरातील आमच्या शाळेने बी-बॉट (मधमाशीच्या आकाराचे, पाठीवरच्या बटणांनी चालणारे छोटे रोबोट) घेतले आहेत. मुले बटणे दाबून ते पळवतात, पण तो वळतो कसा, हे त्यांना कसे समजवावे?

उत्तर १ : बी-बॉट एका आज्ञेत १५ सेंटिमीटर सरकतो आणि जागेवरच काटकोनात वळतो, म्हणून आधी फरशीवर खडूने चौकोन आखून मुलांनाच त्यांवर चालवा. ‘उजवीकडे’ म्हटले की बरीच मुले वळून एक पाऊल पुढेही टाकतात. बटणे दाबताना नेमकी हीच गल्लत होते.

उत्तर २ : आतली यंत्रणा मात्र त्यातून दिसत नाही. उद्यमनगरातील एखाद्या ओळखीच्या कारखानदाराकडून एकमेकांत बसणारी १२ आणि ३६ दात्यांची चाके मागून आणा, दोन्हींच्या एकेका दात्यावर खडूची खूण करा आणि लहान चाकाच्या तीन फेऱ्यांत मोठ्याची एकच होते, हे मुलांनाच मोजू द्या.

उत्तर ३ : वळण्यासाठी दोन्ही बाजूंची चाके उलट दिशांना फिरतात. रोबोट हातात उलटा धरून वळण्याचे बटण आणि मग ‘GO’ दाबल्यास ते स्पष्ट दिसते.