मुलगी शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे, पण बाकावरच बसते. दहावीच्या वर्षी खेळ चालू ठेवावा का?

कातळसडा (रत्नागिरी)
माझी मुलगी नववीत असून 17 वर्षांखालील गटात शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी निवडलेल्या 12 जणींत तिचे नाव होते, परंतु दोन सामन्यांत मिळून ती जेमतेम चार मिनिटे मैदानात उतरली. तरीही ती रोज सहापर्यंत सरावाला थांबते आणि गावची एसटी चुकली की मला स्कूटर काढावी लागते. तक्रार त्याची नाही. खेळातून संघभावना शिकायला मिळते असे सगळेच सांगतात. बाकावर बसून नेमके काय शिकायला मिळते, हे शाळेत खेळलेल्यांनी सांगावे.

गंजकी रिंग (मालवण)
आमच्या शाळेत रिंग एकच होती आणि खाऱ्या वाऱ्याने तीही गंजून एका बाजूला कलली होती. जाळी दर पावसाळ्यात कुजत असे, म्हणून संघातल्या एका मुलाच्या वडिलांनी मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याने नवी विणून दिली. तो मुलगा आमचा बारावा खेळाडू. मी सर्वांत जास्त गुण करणारा, आणि तितकाच तापट.

एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी एकात, संघाचे चार फाउल झाले की चेंडू आपल्याकडे नसताना केलेल्या पुढच्या फाउलला, तो कोणीही केलेला असो, समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो (प्रत्येकी एका गुणाची, कोणी न अडवता करायची फेक) मिळतात. तालुक्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये ती मर्यादा आधीच संपली होती, आणि चेंडू हातातून गेल्याच्या रागात मी समोरच्याला ढकलले. तो माझा पाचवा वैयक्तिक फाउल असल्याने मी बाहेर गेलो आणि बारावा आत आला. त्याने एकही बास्केट केला नाही, परंतु आमच्या उंच मुलावर नजर ठेवून असलेल्या खेळाडूच्या वाटेत दोनदा असा पाय रोवून उभा राहिला की बास्केटखालची जागा मोकळी झाली. सामना आम्ही दोन गुणांनीच हरलो. मला कोणी एका शब्दानेही बोलले नाही, आणि तेच जास्त लागले. मुलीला एकदा विचारून पाहा की बाकावरून ती काय पाहते.

निवृत्त क्रीडाशिक्षक (चिपळूण)
वरील अनुभवाला एक पुरवणी जोडतो. गुणपत्रकावर बास्केट करणाऱ्याचा क्रमांक लिहिला जातो; त्याला पास देणाऱ्याचा किंवा वाट मोकळी करून देणाऱ्याचा लिहिला जात नाही. त्यामुळे ते काम पाहण्याची जबाबदारी शिक्षकावर येते, आणि मी स्वतः पहिली काही वर्षे ती पाळली नाही. पावसाळ्यात मैदानावरचे शेवाळ खराट्याने घासायला बदली खेळाडूंनाच लावत असे, आणि पहिल्या पाच जणांनी कोरड्या मैदानावर येऊन चेंडू हातात घ्यावा, यात मला काही वावगे वाटत नसे. आपण शिक्षकांना सरळ विचारावे की संघात आपल्या मुलीचे काम कोणते आहे. त्यांना उत्तर सुचले नाही, तर उणीव मुलीत नाही. दहावीच्या वाढीव क्रीडागुणांच्या आशेने मात्र तिला खेळात ठेवू नये.

दापोलीचा एक
थोडे वेगळे मत मांडतो. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळे ओढायच्या मासेमारीत, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. शाळेच्या संघात करंडकाचा फोटो पाच जणांचा निघतो. मी दोन वर्षे बाकावर बसून शेवटी कॅरमकडे वळलो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मुलीला खेळ आवडत असेल तर ठेवा, परंतु बसून राहण्याला संस्कार म्हणू नका.

कातळसडा (रत्नागिरी)
सर्वांचे आभार. काल रात्री तिला विचारले. ती म्हणाली की समोरच्या संघातील सात नंबरची मुलगी केवळ उजव्या हातानेच ड्रिबल करते (चेंडू आपटत नेते), हे तिने मध्यंतरात कर्णधाराला सांगितले होते आणि त्यानंतर त्यांनी तिला डाव्या बाजूलाच रेटले. घरी हे सांगितले का नाहीस, असे विचारल्यावर म्हणाली, “तुम्ही फक्त किती बास्केट केलेस तेवढेच विचारता.” शिक्षकांना सोमवारी भेटणार आहे, आणि साडेसहानंतरची एसटी आहे का, तेही आगारात विचारून ठेवतो.