ट्रायग्लिसराइड उतरले, मग एलडीएल चढलं कसं?

प्रश्न:
वय ४४, दिवसभर बैठं काम, आधी व्यायाम शून्य. १२ आठवडे, आठवड्याला ५ दिवस, ४० मिनिटं भरभर चालणं. वजन होतं तेवढंच. आधीचा आणि आत्ताचा रिपोर्ट असा: एकूण कोलेस्टेरॉल २००, आता १९८. एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३८, आता ४०. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २२०, आता १५०. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) मात्र ११८ वरून १२८! वर यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी हे एन्झाइमही चढं, ६२. चालण्याने यकृतावर ताण येतो का?

प्रतिसाद १:
एलडीएलपुढे 'कॅल्क्युलेटेड' छापलंय का बघा. बऱ्याच लॅब ते मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात: एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. आधी २००−३८−४४ = ११८, आता १९८−४०−३० = १२८. ट्रायग्लिसराइड उतरले, वजा होणारा आकडा लहान झाला, एवढंच. ट्रायग्लिसराइड चढे असताना हे सूत्र एलडीएल कमी दाखवतं, त्यामुळे जुना ११८च फसवा असू शकतो. एकूणातून फक्त एचडीएल वजा करा: १६२ चे १५८ झालेत, म्हणजे एचडीएल सोडून उरलेलं कोलेस्टेरॉल वाढलेलं नाही. खात्रीच हवी तर 'डायरेक्ट एलडीएल' करून घ्या. मात्र वजन न उतरता नुसत्या चालण्याने एलडीएल फारसं हलत नाही, आणि एचडीएलही दोन-तीन अंकच वाढतं.

प्रतिसाद २:
एसजीओटी स्नायूंतही असतं. नुसत्या चालण्याने सहसा एवढं वाढत नाही. जोर-बैठका किंवा वजनं नव्याने सुरू केलीत का?

प्रश्नकर्ता:
'कॅल्क्युलेटेड'च आहे. आणि हो, रक्त द्यायच्या दोन दिवस आधी बैठका सुरू केल्या. मांड्या अजून धरल्यात.

प्रतिसाद २:
मग संशय मांड्यांवरच! बैठका आठवडाभर थांबवा, मग एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी (यकृताच्या तपासण्या) आणि सीपीके (स्नायूंची तपासणी) एकत्र करा. जीजीटी स्नायूंतून वाढत नाही, म्हणून तो चढा निघाला तर यकृताकडे बघायचं. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र आठवडा थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

प्रतिसाद ३:
पुढच्या वेळी रक्त देण्याआधी दोन दिवस चालणंही बंद ठेवा आणि १२ तास उपाशी राहा. एकदा दमदार चाललं तरी ट्रायग्लिसराइड दिवस-दीड दिवस खाली राहतात, तेव्हा १५० मधला काही वाटा आदल्या दिवशीच्या फेरीचा असू शकतो. एरवी सलग दोन दिवस खंड नको, व्यायामाचा इन्सुलिनवरचा चांगला परिणाम तेवढ्यातच ओसरायला लागतो. हिमोग्लोबिन किंचित कमी दिसलं तर लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. व्यायामाने रक्तातलं पाणी वाढतं, त्यानेही आकडा उतरतो. आधी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) बघा.