अनुभव धागा: 'गुगल कर' म्हणून जिथं भागत नाही

यंदा गणपतीत आमच्या गुहागरच्या घरी पडवीत बारा माणसं आणि चौदा मोबाईल होते. पूर्वी चाकरमानी म्हणजे लालबाग-परळ. आता त्यात बोटीवरचा पुतण्या आणि रशियात डॉक्टरकी शिकणारी भाची. कुणीतरी काहीतरी विचारलं, मी सवयीनं म्हणालो, "गुगल कर की." पुतण्या हसला. म्हणाला, "काका, अर्ध्या बंदरांत हे वाक्यच चालत नाही." मग आरतीला अर्धा तास उशीर झाला.

म्हणून हा धागा. तुम्ही जिथं गेलात, राहिलात, तिथली माणसं शोधाशोध कशावर करतात? टक्केवारी नको, ती कुठंही मिळते. स्वतःचं सांगा. पुतण्यालाच आधी लिहायला बसवलंय.

खलाशी_रत्नांग्री

काकांनी धरूनच बसवलंय. मी इंजिन रूमला असतो. चीनमध्ये पहिल्यांदा उतरलो ते निंग्बोला. बोटीवर सॅटेलाइटचं नेट, त्यामुळे तिथं सगळं उघडत होतं. खाली उतरून स्थानिक सिम घातलं आणि गुगल मेलं. मला वाटलं सिम फसवं निघालं, दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. एजंटच्या पोरानं खुणेनं सांगितलं, हे इथं असंच. गुगलनं २०१० मध्येच तिथलं सेन्सॉर केलेलं शोधयंत्र बंद करून लोकांना हाँगकाँगच्या पानावर वळवलं होतं. पुढं २०१४ पासून तेही जवळपास पूर्ण अडवलं गेलं. गंमत म्हणजे आपलं सिम रोमिंगवर ठेवलं की उघडतं, कारण तो डेटा फिरून आपल्याच कंपनीकडून येतो. बिल बघून मात्र डोळे पांढरे होतात.

मला गुडघ्याचा पट्टा हवा होता. त्या पोरानं बायडूवर, म्हणजे तिथल्या शोधयंत्रावर, टाकलं. वरचे चार-पाच निकाल त्यानं न बघताच अंगठ्यानं उडवले. जाहिराती! २०१६ साली असंच बायडूवर शोधून सापडलेल्या उपचारांमागे गेलेला, कॅन्सर झालेला एक विद्यार्थी वारला, देशभर बोंब झाली, सरकारला चौकशी लावावी लागली. तेव्हापासून दवाखाना शोधायचा तर आधी आईला विचारतो, असं एजंटचा पोरगा म्हणाला. म्हणजे शेवटी आपल्यासारखंच.

बुसानला वेगळीच तऱ्हा. गुगल उघडतं, पण नकाशावर चालत जायचा रस्ता मागितला की हात वर. कोरियाचं सरकार तपशीलवार नकाशाचा डेटा देशाबाहेर जाऊ देत नव्हतं, त्यामुळे तिथं सगळे नेव्हर या कोरियन शोधयंत्रावर. मी आधी नाव ऐकून 'कधीच नाही' असंच समजलो होतो. त्यात काही शोधलं की नुसती साइटींची यादी येत नाही; ब्लॉग, गटांतल्या गप्पा, लोकांचे प्रश्न आणि लोकांचीच उत्तरं, असे खण खण असतात. सुरुवातीला कोरियन भाषेत नेटवर मजकूरच फारसा नव्हता, तेव्हा त्यांनी २००२ मध्ये लोकांनाच उत्तरं लिहायला बसवलं. आधी मजकूर पिकवला, मग शोधला.

कुडाळची_भाची

मामा, आलेच. कझानमध्ये चौथं वर्ष. इथं यांडेक्स: टॅक्सी, नकाशा, भाषांतर, सगळं त्याचंच. मला वाटायचं की गुगलची नक्कल असणार. तर यांडेक्स १९९७ चं, गुगल कंपनी १९९८ ची!

ते इथं का रुजलं हे मला रशियन शिकताना कळलं. सहा विभक्ती. एकच शब्द वाक्यात जागा बदलली की शेपूट बदलतो. आपल्या 'आंबा, आंब्याचा, आंब्यांना'सारखंच. यांडेक्स पहिल्यापासून ही शेपटं ओळखून शोधायचं. रूममेट हरयाणाची आहे, तिला हे समजावताना मी 'विहीर, विहिरीत' उदाहरण दिलं तर ती म्हणाली, मग तुमच्या भाषेसाठी असं कुणी का नाही बनवलं? मी विषय बदलला.

मालवणी_मोरी

मी कुठंच गेले नाही, मालवणातच आहे. तरी लिहिते.

आजीला फोनवर बोलून शोधायला शिकवलं. तिनं पहिलंच विचारलं, "मोरी." समोर फरशा, जाळ्या, तुंबलेल्या मोरीचे उपाय. आजी: "ह्यां काय दाखवता रे मेलो? मोरी म्हंजे मासो! न्हाणी कोणी इचारली?" मोरी म्हणजे आमच्याकडे लहान शार्क, हे त्या यंत्राला कुणी सांगायचं? मी शेवटी इंग्रजीत शार्क करी टाकलं, तर केरळची पाककृती आली.

चिपळूण_ते_प्राग

चेकमध्ये तीन वर्षं काढली. तिथं सेझ्नाम, १९९६ चं. शब्दाचा अर्थच 'यादी'. एकेकाळी गुगलच्या पुढं होतं, आता मागं पडलंय, पण त्याचे नकाशे अजून माणसं सोडत नाहीत. रानातली पायवाट, त्यावरच्या रंगीत खुणा, झरा, सगळं त्यात. आपल्याकडं दाभोळ-धोपावे फेरीबोट असूनही मला एकदा नकाशानं चिपळूणमार्गे अख्खी खाडी फिरवून आणलंय, त्यामुळे मला त्याचं कौतुक जरा जास्तच.

सरळमुद्दा

भाषा वगैरे ठीक आहे, पण भावनेत वाहू नका. माणूस फोनमध्ये आधीच जे असतं तेच वापरतो. त्या जागेसाठी गुगलनं ॲपलला एकट्या २०२२ मध्ये २००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ही बेकायदा मक्तेदारी ठरवली. जपानमध्ये याहू जपान अजून दिसतं, पण २०१० पासून त्यानं आतलं इंजिन गुगलचंच घेतलं. दुकानाची पाटी वेगळी, माल तोच.

तारकर्लीची_खोली

मुद्दा पटला. आमच्याकडं उतरलेल्या फ्रेंच पाहुण्यानं नवा फोन लावला तेव्हा फोननंच विचारलं होतं म्हणे, शोधयंत्र कोणतं हवं? युरोपात मार्च २०२४ पासून नव्या कायद्यानं ही निवड द्यावी लागते. त्याच्या बायकोनं इकोझिया घेतलेलं, नफ्यातून झाडं लावणारं, जर्मनीतलं. माझी खोली मात्र दोघांनाही कशावरच सापडली नव्हती. एसटी स्टँडवरच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं.

धागाकर्ता

@सरळमुद्दा, आरतीला उशीर तुमच्यामुळेही झाला असता. @मालवणी_मोरी, नेव्हरवाल्यांनी केलं तेच करू. आजीची मोरी इथंच लिहा, मराठीत, मोरी याच नावानं.

मालवणी_मोरी

बसलेय वही घेऊन. तासाभरात एकच वाक्य झालंय: "तिरफळां बांगड्याक, मोरीक नाय." प्रमाण विचारलं तर म्हणते, हाताक कळता.