पेपर रोल बंद करून कापड वापरायचंय, पण पाणी शोषत नाही

किचनमधला पेपर रोल मला खरंच बंद करायचाय. जुन्या सुती चादरीची फडकी केली पण ती पाणी शोषतच नाहीत, नुसतं पसरवतात. काय चुकतंय?

उत्तर १: फॅब्रिक सॉफ्टनर घालता का? त्याचा थर धाग्यांवर बसतो मग कापड पाणी घेत नाही, तो बंद करा आणि दोनतीनदा गरम पाण्यात धुवा. चादरीत पॉलिएस्टर मिक्स असेल तर मात्र सोडून द्या.

उत्तर २: जुने टॉवेल, बनियन बेस्ट! ओली फडकी डब्यात कोंबू नका हं, कुबट वास येतो, आधी वाळवा.

हो, सॉफ्टनरच घालत होते! तेलकट फडक्यांचं काय करता?

उत्तर २: ती वेगळी धुते. खूपच तेल असेल तर अजूनही कागदच घेते.