गवतावर शिकला तोच खरा वैमानिक?

डांबरी:
परवा एका धाग्यावर वाचलं, "टायगर मॉथच्या काळात गवतावर घडले ते खरे वैमानिक. दुंडिगलच्या मुलांना पहिले २० तास गवताच्या पट्टीवर उडवा." खाली +१ ची ही रांग! राहवलं नाही. (टायगर मॉथ म्हणजे जुनं ब्रिटिश दुपंखी शिकाऊ विमान; दुंडिगल म्हणजे हैदराबादजवळची वायुसेना अकादमी.)

ब्रिटिश सीएएने (तिथलं नागरी विमान प्राधिकरण) हलक्या विमानांसाठी दिलेले उड्डाणाच्या अंतराचे गुणक घ्या: कोरडं गवत १.२, ओलं १.३, दर हजार फुटांना १.१, तापमान त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा १० अंश वाढलं की पुन्हा १.१. हे एकमेकांना गुणायचे असतात, बेरीज करायची नसते. समुद्रसपाटीला, डांबरावरून, ५० फूट उंची गाठायला ४०० मीटर लागणारं विमान धरा. दुंडिगल २,००० फुटांच्या आसपास. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश, म्हणजे ३१ अंशांचा दिवस २० अंश जास्त. कोरड्या गवतावर झाले ७०३ मीटर. त्यावर सुरक्षेचा १.३३ लावा, ९३५. जमीन मऊ असेल तर आणखी किमान १.२५. उतरताना बारीक कापलेलं, ओलं, घट्ट जमिनीवरचं गवत लागलं तर अंतर ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, कारण चाक अडतं पण विमान अडत नाही.

आणि दख्खनची काळी माती? जूनमध्ये फुगते, मे महिन्यात भेगाळते. पुढचं चाक भेगेत गेलं की आधी दांडा वाकतो, मग पंखा जमिनीला लागतो.

शेपटीचाक:
गणित बरोबर, प्रश्न चुकला. टायगर मॉथ गवताच्या *पट्टीवर* उडतच नव्हतं, गवताच्या *मैदानावर* उडत होतं. त्याला ब्रेक नाहीत, शेपटीला चाकही नाही, नुसती घसरपट्टी. ती गवतात रुतते, तोच ब्रेक. मैदान चहूबाजूंनी मोकळं, त्यामुळे वारा कुठूनही येवो, तोंड वाऱ्यात करून निघायचं. आडवा वारा हा विषयच नाही. डांबरावर तीच घसरपट्टी नुसती झिजते, पकडत नाही, आणि आडव्या वाऱ्यात शेपूट फिरतं. गवताची अरुंद पट्टी आखलीत तर मैदानाचा फायदा गेला, गवताचे तोटे तेवढे उरले.

दुसरं. "गवत कडक शिक्षक" ही भाकडकथा आहे. शेपटीवर टेकणारं विमान किंचित तिरकं टेकलं तर गवतावर टायर थोडं सरकतं आणि चूक पोटात घालतं. डांबरावर टायर पकडतं, गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने शेपूट पुढे धावू लागतं आणि विमान जागच्या जागी गरकन फिरतं. थोडक्यात, गवत माफ करतं.

डांबरी:
म्हणजे गवताची पट्टी नको हे माझंच म्हणणं तुम्ही जास्त चांगलं मांडलंत. आभार. :-)

हरळी:
दोघेही गवत म्हणजे हिरवा रंग समजून बोलताय. कुठलं गवत? आपल्याकडे हरळीच. आडवी पसरते, मुळांची चटई होते, चाकाचा भार वाटून घेते. गाजरगवत आणि कुसळी वाढली की खाली माती उघडीच. रोलर ओलसर जमिनीवर फिरवायचा, चिखलावर नाही. काळ्या मातीत चिखलावर फिरवला की निचरा बंद आणि चाकोऱ्या कायमच्या. कापलेलं गवत उचलायचंच. ते ऑइल कूलरच्या तोंडाशी बसतं, उन्हाळ्यात वाळलं की एक्झॉस्टखाली पेटतं. आणि उंची राखायची १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे पक्षी उतरत नाहीत.

टिटवी:
१५-२० सेंटिमीटर? हा इंग्लंडातला उपाय, तिथल्या पक्ष्यांसाठी. आपल्याकडे उंच गवत म्हणजे किडे, किड्यांमागे बगळे. उंदीर, उंदरांमागे साप आणि घारी. टिटवी अंगावर आली तर एक वेळ निभावेल, घार काचेवर आली तर?

हरळी:
मग बारीक कापा, टिटव्या पट्टीवरच अंडी घालतील. पावसाळ्यात गांडुळं वर आली की बगळेही तुमच्याच बारीक गवतावर. पुस्तकी बोलू नका.

टिटवी:
पुस्तकी कोण ते दिसतंय. उंच गवतात उंदराचं बीळ दिसत नाही. वारूळ दिसत नाही. रोज सकाळी पट्टी *चालत* तपासायची असते, जीपमधून नव्हे. कापाल कसंही, बिळं बुजवून धुमस मारली नाही तर पुढचं चाक गेलंच.

हरळी:
बीळ बुजवा, बरोबर. उंचीबद्दल एक शब्द मागे घेत नाही.

कोल्हापूरकर:
चाललंय काय? एचटी-२, आपलं भारतीय बनावटीचं शिकाऊ विमान, कुणाला आठवतंय का? १९५१ साली उडालं, शेपटीचाकाचंच होतं, आणि रचना विष्णू माधव घाटगे यांची, आमच्या जिल्ह्यातले, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकलेले. टायगर मॉथचे गोडवे गाणाऱ्यांना हे नाव माहीत नसतं.

डांबरी:
मान्य, पण धाग्याशी संबंध? असो. दुंडिगलचं आताचं शिकाऊ विमान पिलेटस पीसी-७ मार्क २. ७०० अश्वशक्ती, चाकं पोटात जाणारी. चिखल चाकाच्या कप्प्यात गेला की दारांच्या सांध्यांत आणि मर्यादा-स्विचवर (चाक पूर्ण खाली आल्याचं कळवणारा स्विच) बसतो. चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागत नाही, आणि एकट्या शिकाऊ मुलाला वर घिरट्या घालाव्या लागतात.

शेपटीचाक:
इंजिनाला तरी गवताचा बाऊ नको. पिलेटसच्या पीटी-६ इंजिनात हवा मागे जाऊन, वळून, जाळीतून आत येते. काडीकचरा सरळ कॉम्प्रेसरवर जात नाही. खड्यांनी पंख्याच्या पात्यांना मात्र खाचा पडतात. जेटसुद्धा गवतावर चाललीत. चेकोस्लोव्हाकियाचं शिकाऊ जेट एल-२९ कच्च्या मैदानांवरून उडावं म्हणूनच बांधलं होतं. पण चाकाच्या कप्प्याबद्दल तुमचं खरं आहे. लिहून ठेवा, मी मान्य केलं.

डांबरी:
लिहिलं. तारखेसकट.

टिटवी:
आणि मैदान करायचंच असेल तर कुंपण आधी. गवत दिसलं की म्हशी येणार.

हरळी:
म्हशी आल्या तर गवत १५ सेंटिमीटरचं राहणार नाही, एवढं तुमच्या बाजूने.